मिठाच्या पाण्यातला तुकडा

ती माझ्याकडे आली ती फिटनेसचा कागद न्यायला. ऑपरेशन मोठ्या शहरात ठरलं होतं, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. ईसीजी, साखर, हिमोग्लोबिन आणि फिजिशियनची सही गावाकडूनच घेऊन या, तेवढाच खर्च वाचेल, असं तिथे सांगितलेलं. तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्याकडे असे कागद नेहमीच येतात. खरं सांगायचं तर दहा मिनिटांचं काम असतं. छातीला स्टेथो लावायचा, ईसीजीवर नजर टाकायची, शिक्का मारायचा.

वय ३१. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. नवरा केळीच्या कटाईच्या टोळीत, ती स्वतः हंगामात कापूस वेचायला जाणारी. एक मुलगी, सात वर्षांची. कुटुंबाची ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळतो. सोबत नवरा आणि सासू होती, आणि सासूच्या हातात रिपोर्टांनी फुगलेली साडीच्या दुकानाची पिशवी.

रिपोर्टांची गोष्ट अशी. तीन महिन्यांपासून पोट फुगतंय, जेवण जात नाही, पाळी मागेपुढे होतेय. आधी गावातल्या डॉक्टरांकडून ॲसिडिटीची औषधं झाली. मग सोनोग्राफी झाली: पोटात पाणी, उजव्या अंडाशयाशी पाच बाय चार सेंटीमीटरची गाठ. सीए-१२५ ही रक्तातल्या एका प्रथिनाची तपासणी केली, ते ४८६ आलं. ३५ च्या आत असायला हवं, आणि कागदावर ठळक अक्षरात वर जाणारा बाण. त्या बाणाने घर हादरलं. शहरात सीटी स्कॅन झाला. त्यात पाणी, गाठ आणि जाड झालेलं ओमेंटम दिसलं. ओमेंटम म्हणजे आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, अंडाशयाचा पसरलेला कॅन्सर असण्याची शक्यता. ठरलेलं ऑपरेशन: गर्भाशय, दोन्ही अंडाशय आणि तो पदर, सगळं काढायचं.

"पोटमा गाठ शे म्हनतस, काढनीच पडी," सासू म्हणाली. मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती.

मी सही करायला पेन उचललं नव्हतं असं नाही. पण वजन बघितलं: ४१ किलो. तीन महिन्यांपूर्वी गावच्या आरोग्य शिबिरात ते ४७ भरलं होतं आणि ती चिठ्ठीही त्या पिशवीत होती. संध्याकाळी अंगात कणकण असते का, विचारलं. असते, रोज दिवेलागणीला. रात्री घाम? ब्लाउज भिजतो. पोटाला हात लावला तर ते मळलेल्या कणकेसारखं लागलं. ही खूण पुस्तकात सगळे वाचतात, हाताला मात्र क्वचित लागते. मला वीस वर्षांत तीन-चारदाच लागली असेल.

मग नेहमीचा प्रश्न विचारला: घरात कुणाला टीबी झाला होता का? नाही. सासूने जरा रागानेच मान हलवली. हा प्रश्न असा विचारायचाच नसतो, हे मला माहीत असूनही मी तो दरवेळी आधी असाच विचारतो. पुन्हा विचारलं: घरात कुणी सहा महिने रोज गोळ्या घेतल्या का, ज्यांनी लघवी केशरी व्हायची? नवरा लगेच म्हणाला, "आबांनी घेतल्या होत्या ना. दोन वर्षं झाली. त्यांना खोकला होता."

आबा म्हणजे सासरे. त्यांना जेवण करून वाढणारी, त्यांची थुंकीची वाटी धुणारी हीच.

सीए-१२५ कशाने वाढतं

इथे थोडं थांबतो, कारण या एका आकड्याने आपल्याकडे बरीच पोटं उघडली जातात. सीए-१२५ हे कॅन्सरच्या पेशीचं नाव नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला चिडवणारं काहीही ते वाढवतं: एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातला संसर्ग, लिव्हर सिरॉसिसमुळे साठलेलं पाणी, गरोदरपण, आणि पोटाचा टीबी. पोटाच्या टीबीत ते सहज काही शेपर्यंत जातं. पन्नाशी उलटलेल्या बाईत पोटात पाणी, गाठ आणि वाढलेलं सीए-१२५ हे त्रिकूट दिसलं तर कॅन्सरचा विचार आधी करायलाच हवा. ३१ वर्षांच्या, संध्याकाळी तापणाऱ्या, घरात टीबी होऊन गेलेल्या बाईत तेच त्रिकूट वेगळं वाचावं लागतं. कॅन्सर नसेलच असं नाही. पण आधी नक्की करायला हवं.

शहरातल्या सर्जननी चूक केली असं मी म्हणत नाही. अंडाशयातच बंदिस्त असलेल्या संशयित गाठीला सुई टोचायची नसते. आतला द्रव पोटात सांडला तर कॅन्सरची पायरी वर जाते. म्हणून त्या शाखेतली सवयच "टोचू नका, काढा" अशी आहे. पण इथे पाणीही होतं आणि ओमेंटमही जाड होतं. पसरलेलं आहे असं धरलं, तर त्या पसरलेल्या भागातून तुकडा घ्यायला हरकत काय? पसरलेल्या कॅन्सरमध्ये आधी केमो द्यायची वेळ आली तरी तुकडा लागतोच.

फोन केला. ते शांतपणे बोलले. म्हणाले, बुधवारपर्यंत काही दाखवता आलं तर दाखवा, नाही तर तारीख तशीच राहील; मी कॅन्सर महिनाभर लांबवू शकत नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. हा सोमवार होता. हातात नऊ दिवस.

पाणी

त्याच दुपारी पोटातलं पाणी काढलं. गवताच्या काडीच्या रंगाचं, जरा गढूळ. पेशी १२००, त्यातल्या ८५ टक्के लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. प्रथिनं ५.१ ग्रॅम. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनचा फरक ०.८, म्हणजे लिव्हरमुळे साठलेलं पाणी नव्हे. तिथे तो १.१ किंवा त्याहून जास्त असतो. एडीए नावाचं एन्झाइम ५८. पोटाच्या पाण्यात एडीए चाळिशीच्या वर गेला की टीबीचा संशय बळावतो. छातीचा एक्स-रे साफ, एचआयव्ही नाही, साखर नाही. कॅन्सरच्या पेशी पहिल्या नमुन्यात नाहीत, दुसऱ्यातही नाहीत.

आणि टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी: "आढळला नाही."

मंगळवारी संध्याकाळी हा कागद घेऊन नवरा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विचित्र भाव होता. टीबी नाही म्हणजे कॅन्सरच, असा अर्थ त्याने वाटेत बसमध्येच लावून टाकला होता. "मंग बुधवारे जावानंच ना?" त्याने विचारलं.

सीबीनॅट म्हणजे काय, हे त्याला जसं सांगितलं तसंच इथे लिहितो. टीबीच्या जंतूच्या जनुकांचा एक ठराविक तुकडा नमुन्यात आहे का, हे काडतुसात ठेवलेल्या नमुन्यातून यंत्र शोधतं. तुकडा सापडला की त्याच्या लाखो प्रती करतं, म्हणून अगदी थोडे जंतूही पकडले जातात. त्याच जनुकात, आरपीओबी त्याचं नाव, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारा बदल आहे का हेही ते सांगतं. उत्तर दोन तासांत. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीला २०१० च्या डिसेंबरात मान्यता दिली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार तरी असावे लागतात. सीबीनॅटच्या पहिल्या काडतुसाला शे-सव्वाशे पुरतात, आणि नंतर आलेल्या अल्ट्रा काडतुसाला त्याहून कितीतरी कमी.

मग पाण्यात का नाही सापडले? कारण पोटाच्या टीबीत जंतू पाण्यात पोहत नसतात. ते अस्तरावरच्या आणि ओमेंटममधल्या बारीक दाण्यांत दडलेले असतात. पाणी म्हणजे शरीराने त्यांच्यावर काढलेला राग. त्या पाण्यात जंतू एवढे विरळ असतात की कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, टीबी सिद्ध झालेल्या रुग्णांतसुद्धा पोटाच्या पाण्याच्या सीबीनॅटने दहापैकी साधारण सहाच पकडले जातात. मानेच्या गाठीतून सुईने काढलेल्या नमुन्यात हेच प्रमाण आठ-नऊच्या घरात जातं. यंत्र तेच, काडतूस तेच. नमुना वेगळा, म्हणून उत्तराची किंमत वेगळी.

म्हणून मी सीबीनॅटला 'हो' सांगणारी तपासणी म्हणतो. तिने हो म्हटलं की जवळपास हो. तिने नाही म्हटलं तर विचारायचं: कशात बघितलं?

याच्या अगदी उलट्या स्वभावाच्या जनुकीय तपासण्याही असतात. थायरॉईडच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी कधीकधी ना धड साध्या दिसतात ना धड कॅन्सरच्या. पूर्वी अशा वेळी निम्मा थायरॉईड काढून बघायचे, आणि बहुतेकदा गाठ साधीच निघायची. २०१२ साली अशा २६५ अनिश्चित गाठींवर जनुकांच्या हालचालीवरून निवाडा करणारी एक तपासणी अजमावली गेली. कॅन्सर असलेल्या शंभरातल्या ९२ गाठी तिने संशयित म्हणून पकडल्या, पण साध्या गाठींपैकी जेमतेम निम्म्यांनाच साधं म्हटलं. म्हणजे ती 'नाही' म्हणाली तर बऱ्यापैकी निर्धास्त व्हायचं आणि सुरी टाळायची; 'संशयित' म्हणाली तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. दोन्ही तपासण्या ऑपरेशन टाळतात, एक 'हो' म्हणून आणि दुसरी 'नाही' म्हणून. कुठली कोणत्या जातीची हे ध्यानात न ठेवता नुसता कागद वाचला की घोटाळा होतो.

नवऱ्याला थायरॉईडचं सांगितलं नाही अर्थात. त्याला एवढंच सांगितलं, "शेतात पाणी बघून काय, विहिरीत उतरावं लागेल. तुकडा काढू."

फॉर्मॅलिन

इथे चूक माझी झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

गुरुवारी जळगावला सोनोग्राफीत बघून ओमेंटममधून सुईने तुकडे घ्यायचं ठरलं. रेडिओलॉजिस्ट माझ्या ओळखीचे, हात चांगला. चिठ्ठीवर मी लिहिलं: ओमेंटल बायोप्सी, हिस्टोपॅथॉलॉजी (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि सीबीनॅटसाठी. तुकडे उत्तम आले, चार. चारही फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले.

बायोप्सी म्हटलं की फॉर्मॅलिन, हे तिथल्या मदतनिसाच्या हाताला पाठ झालेलं. त्याचा काय दोष? फॉर्मॅलिनने तुकडा कुजत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुरेख दिसतो. पण जंतू मरतात, म्हणजे कल्चर संपलं. जनुकीय धागेही एकमेकांना चिकटून तुटतात, म्हणजे सीबीनॅटची खात्री संपली. टीबीसाठी तुकडा साध्या नॉर्मल सलाईनमध्ये, थोडक्यात मिठाच्या पाण्यात, थंड ठेवून त्याच दिवशी पाठवायचा असतो. हे मी चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. त्याहून बरं म्हणजे बाटलीच बरोबर द्यायला हवी होती. शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला: साहेब, हा नमुना आम्हाला चालत नाही.

हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला मंगळवार उजाडणार होता. त्यात नुसत्या ग्रॅन्युलोमा दिसल्या असत्या तर? ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने शत्रूभोवती घातलेलं पेशींचं कुंपण. टीबीत त्या असतात, पण सार्कॉइड, क्रोन्स अशा आजारांतही असतात, आणि क्वचित कॅन्सरच्या शेजारीही. मंगळवारी अर्धवट उत्तर आणि बुधवारी ऑपरेशन, हा जुगार मला खेळायचा नव्हता.

पुन्हा सुई टोचायची हे तिला सांगणं अवघड गेलं. मी सांगितलं की माझ्याकडून राहिलं. सासू काही बोलली नाही. ती स्वतः म्हणाली, "टोचा ना. फाडण्यापेक्षा बरं."

शनिवारी सकाळी नवऱ्याच्या हातात मी दोन बाटल्या दिल्या. एकीवर लाल चिकटपट्टी, फॉर्मॅलिनची. दुसरीवर पांढरी, सलाईनची. पांढरीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: टीबी तपासणी, फॉर्मॅलिन घालू नये. चहाच्या थर्मासात बर्फ. जळगावला तुकडे घेतले, आणि नवरा तसाच रिक्षाने पांढरी बाटली सरकारी प्रयोगशाळेत देऊन आला. तिथे तपासणीचे पैसे पडत नाहीत, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्याला वाटलं आपण पावती फाडायची खिडकी चुकलो.

संध्याकाळी साडेपाचला मोबाइलवर फोटो आला. जंतू आढळले, प्रमाण कमी. रिफाम्पिसिनला दाद न देण्याचं लक्षण नाही.

तोच फोटो मी शहरातल्या सर्जनना पाठवला. पाच मिनिटांनी त्यांचा फोन: "बुधवार रद्द करतो. पण दोन महिन्यांनी गाठ तशीच राहिली तर माझ्याकडे पाठवा." अट रास्त होती. टीबी आणि कॅन्सर एकाच पोटात असू शकतात. दुर्मीळ, पण असू शकतात. मंगळवारी हिस्टोपॅथॉलॉजीही आली: मधोमध कुजलेल्या, टीबीला शोभणाऱ्या ग्रॅन्युलोमा; कॅन्सर नाही.

"मंग आते ऑपरेशन नही का?" नवऱ्याने तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तो हसत होता.

गोळ्या

उपचार सरळ आहेत, म्हणून थोडक्यात. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव लागलं. वजनाच्या गटानुसार चार औषधांच्या एकत्रित गोळ्या, रोज तीन, पहिले दोन महिने. पुढे चार महिने तीन औषधांच्या. पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. तिसऱ्या आठवड्यात मळमळ वाढली, एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम दुपटीवर गेलं. गोळ्या थांबवल्या नाहीत, दर आठवड्याला तपासत राहिलो, महिन्याने उतरलं. सीबीनॅट रिफाम्पिसिनबद्दल बोलतं, आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल गप्प असतं, म्हणून त्याच तुकड्याचं कल्चर लावलं होतं. पाचव्या आठवड्यात त्यात वाढ दिसली, आणि पुढच्या तपासणीत दोन्ही औषधं लागू पडत असल्याचं कळलं. फॉर्मॅलिनच्या चार तुकड्यांतून हे कधीच कळलं नसतं.

घरात एक भानगड झाली. सासूने तिचं ताट-तांब्या वेगळं काढलं, नातीला तिच्याजवळ झोपू देईना. मी सासूला बोलावून एक्स-रे दाखवला. छाती साफ आहे, खोकला नाही, पोटातला टीबी ताटातून पसरत नाही. आबांच्या वेळी ताट वेगळं काढलं होतं का, असं विचारल्यावर ती गप्प झाली. आबांच्या वेळी काढलं नव्हतं. आणि तेव्हा मात्र खोकला होता.

दोन महिन्यांनी सोनोग्राफीत पाणी नव्हतं. गाठ पाचावरून दोन सेंटीमीटरवर आली होती. सीए-१२५ ४८६ वरून ४१. शहरातल्या सर्जनना कळवलं, त्यांनी फक्त एक अंगठा पाठवला. सहा महिन्यांच्या शेवटी वजन ४९, सीए-१२५ १४. मला स्वतःला मात्र त्या आकड्यांहून आधीचा एक दिवस जास्त लक्षात आहे: तिसऱ्या आठवड्यातली ती मळमळ ओसरल्यावर ती आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "आज भूक लागनी, डॉक्टरसाहेब. कळण्याची भाकर खादी, ठेचासंगे."

पाळी चौथ्या महिन्यापासून नियमित आहे. मागच्या भेटीत सासूला बाहेर बसवून तिने विचारलं, आणखी मूल होईल का? गर्भाशय राहिलं, अंडाशय राहिले, म्हणून तिला वाटलं उत्तर सोपं असेल. तसं नाही. पोटाचा टीबी बरेचदा गर्भनलिकांतूनही जातो आणि जाताना त्या चिकटवून जातो; जंतू मेले तरी वाट उघडत नाही. तिच्या नलिका उघड्या आहेत की नाहीत हे रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढल्यावरच कळेल. तशी चिठ्ठी लिहून दिली. ती अजून गेलेली नाही. नवरा म्हणतो कटाई संपू द्या, मुकादमाची उचल फिटली की जाऊ.